काच धुणारा पंप रुसला तर? बुरोंडीतली जुनी पद्मिनी आणि घरच्या घरी जमणारी दुरुस्ती

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीत राहणारा माझा मामा ६८ वर्षांचा आहे आणि त्याची प्रीमियर पद्मिनी १९८४ सालची. गेल्या मे महिन्यात सुट्टीला गेलो, तेव्हा घरात गाडी विकायची चर्चा सुरू होती. कारण गाडी नव्हती, मामाचे डोळे होते. संध्याकाळी दापोलीहून परतताना समोरचं धूसर दिसतं, एकदा उतारावर डोक्यावर टोपली घेऊन चाललेली बाई अगदी जवळ येईपर्यंत दिसलीच नाही, हे तो स्वतःच सांगत होता. त्या दिवसापासून मामीने संध्याकाळची गाडी बंद केली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र तपासून सांगितलं होतं की मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित आहे, चष्म्याचा नंबरही बदललेला नाही.

मग एका संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसून तोच रस्ता केला. समुद्राच्या दिशेने उतरताना सूर्य थेट समोर आला आणि मलाही काही दिसेना. माझं वय २८, चष्मा नाही. मामाने डॅशबोर्डखालचं बटण दाबलं. बॉनेटखालून ‘गुंऽऽ’ असा मरतुकडा आवाज आला, पाण्याचा थेंब आला नाही. त्याने सवयीने कोरडाच वायपर फिरवला आणि काचेवर दुधाच्या सायीसारखा अर्धगोल पसरला. दोष डोळ्यांत नव्हता, काचेत होता. काच धुणारा पंप दीड वर्षापासून बंद होता.

काचेवर नेमकं काय साचतं?

बुरोंडी हे मासेमारीचं गाव आहे. समुद्रावरून येणारा वारा मिठाचे सूक्ष्म कण घेऊन येतो आणि ते काचेवर बसतात. दुपारी तुम्हाला ते दिसणारही नाहीत. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. कोकणात सूर्य कलला की हे होतंच. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं, तोच प्रकार. दुपारी कोरडी वाटणारी काच संध्याकाळी चिकट, ओलसर होते, आणि नेमका तेव्हाच सूर्य समोर असतो. मामाला दिवसा नीट दिसायचं आणि संध्याकाळी नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

त्यात जांभ्या रस्त्याची लाल धूळ. त्यात गाडी आंब्याखाली उभी. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा काचेवर पडतो, हे बागवाल्यांना सांगायला नको.

आता यावर कोरडा वायपर फिरवला तर? मिठाने काचेवर ओरखडा पडत नाही, ते काचेपेक्षा मऊ असतं. खरी भीती वाळूची. मोहस् नावाच्या कठीणपणाच्या मापावर काच साधारण साडेपाचला येते आणि वाळूतला क्वार्ट्‌झ ७ ला. म्हणजे वायपरच्या रबराखाली वाळूचे चार कण अडकले की तो वायपर राहत नाही, पॉलिश पेपर होतो. मामाच्या काचेवर ड्रायव्हरच्या बाजूला अशा बारीक रेषांचं अर्धवर्तुळ उमटलेलंच आहे. समोरून उजेड आला की प्रत्येक रेष चमकते.

वायपर सक्तीचा आहे, हे आपल्याला माहीत असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतही ते आहे. पण पाण्याशिवाय वायपर ही अर्धीच व्यवस्था आहे. पावसाळ्यात पाणी वरून मिळतं. उरलेले आठ महिने ते पंपाने द्यायचं असतं.

‘वॉशर’ मागितला की ‘वायसर’ मिळतो

ही दुरुस्ती सुरू होण्याआधीची पहिली अडचण भाषेची आहे. मी दापोलीत स्पेअर पार्टच्या दुकानात ‘वॉशर’ मागितला, तर समोर नटबोल्टच्या चकत्यांचा डबा आला. आपल्याकडे त्या चकतीला वायसर म्हणतात आणि दोन्ही शब्द मुळात एकच. त्यामुळे दुकानात ‘काचेवर पाणी मारायची मोटार’ असं सांगा, वेळ वाचेल.

ही मोटार दोन प्रकारची. आजच्या सगळ्या गाड्यांत असते ती १२ व्होल्टवर चालणारी, अंगठ्याएवढी मोटार. तिच्या टोकाला छोटा पंखा असतो. तो पाणी बाहेरच्या दिशेने फेकतो आणि नळीतून ते बॉनेटजवळच्या नोझलपर्यंत जातं. घरातला टाकीवर पाणी चढवणारा पंप असाच चालतो. आणि त्याच पंपासारखी याचीही खोड आहे: आत हवा असेल तर हा पाणी ओढू शकत नाही. म्हणून तो पाण्याच्या टाकीच्या तळाशी, रबरी बुचात घट्ट बसवलेला असतो. टाकी रिकामी असताना बटण दाबून धरलं तर मोटार कोरडी फिरते, तापते आणि खराब होते.

दुसरा प्रकार जुना आणि माझ्या मते जास्त सुंदर. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर हाताने दाबायचा पंप असे. आत एक दट्ट्या, एक स्प्रिंग आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या दोन झडपा. दाबलं की पाणी काचेवर, सोडलं की स्प्रिंग दट्ट्या मागे ढकलते आणि बाटलीतलं पाणी आत ओढलं जातं. वीज नाही, फ्यूज नाही.

तिसरा प्रकार आपल्याकडे फारसा दिसला नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये काही काळ काचेवरचं पाणी चक्क स्टेपनीतल्या हवेच्या दाबाने उडवलं जायचं. स्टेपनीत हवा जरा जास्त भरून ठेवायची. टायर ठरावीक दाबाखाली जाऊ नये म्हणून मध्ये झडप असे.

मामाच्या गाडीत मुळात हाताचा पंप होता. तो बिघडल्यावर कधीतरी कुणा मेकॅनिकने नवीन गाडीची प्लॅस्टिकची टाकी आणि विजेची मोटार बसवून दिली. गेल्या दीड वर्षात ती मोटार दोनदा बदलली गेली. प्रत्येक वेळी आठवडाभर चालली आणि पुन्हा ‘गुंऽऽ’.

आधी कान लावा, मग पाना उचला

दोन मोटारी बदलून झालेलं दुखणं तिसऱ्या मोटारीने बरं होईल, असं मला वाटेना. इंजिनीअरिंगची चार वर्षं फारशी उपयोगी पडली नाहीत असं मी नेहमी म्हणतो. त्या दिवशी पडली.

इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवायची आणि बटण दाबून ऐकायचं. मोटार खणखणीत वाजतेय पण पाणी नाही, तर दोष पाण्याच्या मार्गात: टाकी रिकामी, नळी निघालेली, चिरलेली किंवा नोझल तुंबलेलं. आवाजच नाही, तर दोष विजेत: फ्यूज, बटण, वायर किंवा मग खरोखरच मोटार. आणि आमच्यासारखा मरतुकडा आवाज असेल, तर मोटारीला पुरेशी वीज पोहोचत नाही किंवा आतला पंखा गाळात रुतलाय.

मी मल्टिमीटर लावला. मोटारीच्या वायरवर १२.४ व्होल्ट दाखवले. वीज तर ठीक आहे म्हणून मीही मोटारीलाच दोष देणार होतो. मेकॅनिकचंही बहुधा इथेच चुकलं असावं.

गंमत अशी आहे की मल्टिमीटर स्वतः जवळजवळ वीज ओढतच नाही. वाटेत गंज असला तरी त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. नळाच्या तोंडावर बोट दाबून ठेवलंत तर नळीतला दाब पूर्ण असतो, पण बादली भरेल का? तसंच आहे हे. ढोबळ हिशोब करू. मोटार १२ व्होल्टवर ३ अँपियर घेते असं धरलं, तर तिचा रोध ४ ओहम. वाटेतल्या गंजलेल्या जोडाचा रोधही ४ ओहम झाला, तर प्रवाह निम्म्यावर येतो आणि मोटारीच्या वाट्याला ६ व्होल्टच उरतात. मीटर मात्र, मोटारीची वायर काढून तपासलं तर, १२ च दाखवत राहतो.

म्हणून अशा कामाला मीटरपेक्षा जुना टेस्ट लॅम्प बरा. हेडलाइटचा किंवा इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, बस्स. बल्ब स्वतः वीज ओढतो, त्यामुळे खोटं बोलत नाही. आमचा बल्ब मोटारीच्या दोन वायरींमध्ये निखाऱ्यासारखा लाल, मंद पेटला. मग त्याची काळी वायर सोडून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तर लख्ख.

म्हणजे दोष अर्थिंगचा. जुन्या गाडीत वीज मोटारीकडे वायरने जाते, पण परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. मोटारीची काळी वायर मडगार्डच्या आतल्या बाजूला एका स्क्रूखाली दाबलेली होती. स्क्रू काढला तर खाली तांबूस पूड. समुद्रापासून इतक्या जवळ ४० पावसाळे काढलेल्या पत्र्याला आणखी काय असणार! नवीन मोटार बसवताना हा स्क्रू थोडा हलायचा, गंज खरवडला जायचा, आठवडाभर बरं चालायचं. नंतर पुन्हा तेच.

पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीचं टोक कापून नवीन लग दाबला, स्क्रू बदलला आणि वरून व्हॅसलीनचा जाड थर दिला, म्हणजे खारी हवा लागणार नाही. आणखी एक गोष्ट सापडली. मोटारीची लाल वायर थेट बॅटरीवरून घेतलेली होती, मध्ये फ्यूजच नाही. नंतर बसवलेल्या वस्तूंच्या बाबतीत हे फार ठिकाणी दिसतं. वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर थेट आगीचा धोका. वायरमध्ये बसणारा फ्यूज होल्डर दापोलीत मिळाला, त्यात ७.५ अँपियरचा फ्यूज टाकला. तुमच्याही जुन्या गाडीत हॉर्न, टेप, पंखा असं काही नंतर बसवलेलं असेल, तर आजच बघून घ्या.

मोटार गरजली, पाणी तरी नाही

आता मोटार जोरात वाजत होती आणि काच कोरडीच होती. मामा म्हणाला, “बघ, म्हटलं नव्हतं? ही गाडी आता कंटाळलीये.”

इथे एकेक टप्पा सोडवत जायचा. मोटारीवरची नळी काढून बटण दाबलं, पाणी जोरात आलं. म्हणजे मोटार निर्दोष. नळी परत लावली, नोझलपाशी काढली, तर जेमतेम थेंब. बॉनेटखाली हात फिरवला तेव्हा ओल लागली: दोन नोझलकडे पाणी वाटणारा प्लॅस्टिकचा टी-जोड उष्णतेने ठिसूळ होऊन चिरला होता. नळीही कडक झालेली. नवीन नळी आणि जोड मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्याकडे मिळतात. माशांच्या टाकीला हवा सोडणारी नळी बहुतेक नोझलवर बसते. गॅरेजवाले सलाईनची नळी वापरतात, तीही चालते. पण इंजिनापासून लांबून न्या, ती उष्णतेने मऊ पडते. मत्स्यालयाच्याच दुकानात एकाच दिशेने पाणी सोडणारी छोटी झडप मिळते. ती नळीत बसवली की बटण सोडल्यावर पाणी टाकीत परत उतरत नाही आणि पुढच्या वेळी लगेच फवारा येतो. आमच्याकडे दोन्ही मिळून शंभरच्या आत काम झालं.

नोझलमध्ये पांढरा कडक गाळ होता. त्याचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. नोझल काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली. सकाळी बारीक तारेने बाहेरून आत असा गाळ ढकलला आणि उलट्या दिशेने फुंकली. आतून बाहेर ढकललं तर गाळ भोकातच घट्ट बसतो. नळीत सायकलच्या पंपाने हवा मारणार असाल, तर आधी ती मोटारीपासून सोडवा. नाहीतर मोटारीचं सील जाईल. आंब्यावर फवारणी करणाऱ्यांना यातलं काहीच नवीन नाही. मामा तीस वर्षं फवारणी पंपाची नोझल अशीच साफ करतोय. गाडीची नोझल तीच वस्तू आहे हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं इतकंच.

फवारा काचेच्या मध्याच्या जरा वर पडेल असा नोझलचा मणी टाचणीने फिरवायचा. गाडी वेगात असताना वारा फवाऱ्याला खाली दाबतो.

बिस्किटांच्या डब्यातला पंप

दुसऱ्या दिवशी मामाने माळ्यावरून बिस्किटांचा एक गंजका डबा काढला. आत जुन्या कागदात गुंडाळलेला मूळचा हाताचा पंप. पितळी नळकांडं, क्रोमचं बटण, सगळं शाबूत. रबराची वाटी मात्र सुकून खारकेसारखी झालेली.

ही वाटी कुठल्याही दुकानात मिळणार नाही. पद्मिनीचं उत्पादन थांबून आता पंचवीसेक वर्षं होत आली. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर सुट्या भागांना गिऱ्हाईक होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आता कुर्ल्याचा भंगार बाजार, चोर बाजार आणि ओळखीपाळखी एवढाच आधार.

मामा वाटी बघत बसला आणि म्हणाला, “हा तर स्टोव्हचा वायसर.”

बरोबर होतं. रॉकेलच्या स्टोव्हला हवा भरायच्या पंपात चामड्याची वाटी असते, तीच रचना. दापोलीच्या एका जुन्या हार्डवेअर दुकानात अजून मिळाली. किंचित मोठी होती, ती कडेने कापली आणि रात्रभर खोबरेल तेलात भिजत घातली. स्टोव्हच्या वायसरला घरोघरी हेच करायचे. तुमच्या पंपाची रबरी वाटी अजून मऊ असेल, तर तिला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगून कुजतं. एरंडेल चालतं. पूर्वीचं ब्रेक ऑइल एरंडेलापासूनच बनायचं, ते याच कारणासाठी.

झडपांतले छोटे गोळे शेवाळाने चिकटले होते, ते गरम पाण्याने सुटले. तपासायची रीत सोपी: बाहेर जाणाऱ्या तोंडावर बोट ठेवून बटण दाबा. बोटाला दाब लागला पाहिजे आणि बटण अर्ध्यात अडून राहिलं पाहिजे. सरळ आत गेलं तर वाटी गळतेय. दाब लागतोय पण बटण परत येत नाही, तर आत येणारी झडप अडकलीये.

चौथ्या प्रयत्नाला पंपाने अंगणातल्या तुळशीपर्यंत चिळकांडी मारली. मामीने दारातून बघितलं आणि काही न बोलता आत गेली.

पाणी कुठलं घालायचं?

विहिरीचं नको. किनाऱ्याजवळच्या विहिरींना खारेपणा असतो आणि आमच्या नोझलमधला तो पांढरा गाळ तिथूनच आला होता. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर सर्वांत चांगलं. गाळून ठेवलेलं पावसाचं पाणीही उत्तम. लिटरभर पाण्यात शाम्पूचे चार-पाच थेंब पुरतात. जास्त घातला तर फेस काचेवर सुकतो आणि पुन्हा तीच साय. नुसतं पाणी महिनोन्‌महिने साठवू नका, शेवाळ धरतं. ब्रिटनमध्ये २०१० साली आलेल्या एका अभ्यासात काच धुण्याच्या टाकीतल्या साध्या पाण्याचा संबंध लीजनेअर्स या न्यूमोनियाच्या प्रकाराशी जोडला गेला होता. आपण घाबरून जायचं कारण नाही, पण दोन महिन्यांनी टाकी रिकामी करून धुवायला काय हरकत आहे?

पंप बंद असेल आणि वाटेत काच माखली, तर वायपरला हात लावू नका. गाडी बाजूला घ्या. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला टाचणीने भोकं पाडून एक बाटली दाराच्या कप्प्यात ठेवायची, आधी पाणी, मग वायपर.

आणि गाडी विकायचं काय झालं?

मामाने गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल का, असं विचारलं होतं. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार त्यासाठी ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे २०३४ पर्यंत थांबणं आलं. शिवाय तशी नोंदणी झाली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. दापोलीच्या बाजाराला व्हिंटेज गाडी नेता येणार नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला.

काचेवरच्या ओरखड्यांचं काही होऊ शकलं नाही. बारीक धूसरपणा सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशने थोडा कमी होतो, पण नखाला लागणारी रेष जात नाही. जास्त घासलं तर काच लहरते आणि आरपारचं वाकडं दिसतं. पद्मिनीची पुढची काच कुर्ल्यात शोधायचं काम माझ्याकडे आलंय. तोवर संध्याकाळी सहानंतर गाडी काढायची नाही, हा मामीचा नियम कायम आहे.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा दापोलीला जाऊन आलो. मामाने विजेची मोटार तशीच ठेवली होती आणि हाताचा पंपही त्याच्या मूळच्या जागी बसवला होता, दुसऱ्या नळीवर. येताना गावाबाहेर परशुरामाचा पुतळा दिसायला लागला, तेव्हा काच बऱ्यापैकी स्वच्छ होती. तरी त्याने क्रोमचं बटण दाबलं. दोनदा.